अ‍ॅग्नेसने मारलेली फुली

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आमच्या पोर्ट एलिसमध्ये अ‍ॅग्नेस टेटशी वाद घालायला कुणी जात नाही. जाऊन उपयोग नसतो. सव्वीस वर्षं ती बास्केटबॉलच्या सामन्यांच्या गुणांची वही लिहिते आहे आणि तिच्या शेजारी बसून मी घड्याळ चालवते. त्याआधी मासे डबाबंद करायच्या कारखान्यातही आम्ही एकाच टेबलावर होतो, त्यामुळे तिचा स्वभाव मला तिच्या नवऱ्याहून जास्त ठाऊक आहे. नाकावर माशी बसू देणार नाही. खोडरबर तर टेबलावर ठेवूच देत नाही. ज्याला खोडायचंय त्याने आधी नीट बघावं म्हणते. एकदा सख्ख्या भाच्याचा पाचवा फाउल लिहून त्याला उपांत्य सामन्यातून बाहेर काढलं, आणि त्याच संध्याकाळी त्याच्याच घरी जेवायला गेली. वर सामन माशाचा तुकडा दुसऱ्यांदा मागून घेतला.

तर अशा या बाईने वहीत एक खोटी खूण केली. मी ती बघितली आणि गप्प बसले.

ट्रेंट स्पेन्सर हा आमच्या गावचा पोरगा. हात लांब, बोलणं कमी. त्याला चेंडू धरायला शिकवलं ते त्याच्या आजोबांनी, पर्सीने. शाळा संपवून ट्रेंट काकाच्या बोटीवर जायला लागला. तिथला त्याचा दुसरा हिवाळा, आणि फेब्रुवारीच्या मोठ्या स्पर्धेला तीन आठवडे राहिले असताना पर्सी गेला. आमच्याकडे घरचं माणूस गेलं की थडग्यावर शिळा बसवून गावजेवण होईपर्यंत खेळायचं नसतं. ट्रेंट गणवेश घालून संघाबरोबर आला, पाचही सामने बाकावर बसला, मैदानात पाऊल टाकलं नाही. अंतिम सामना आम्ही जिंकलो. विजेत्यांना जाकीट मिळतं, पण जो प्रत्यक्ष उतरला त्यालाच, आणि ते ठरतं वहीवरून. उतरलेल्याच्या नावापुढे फुली असते. सगळे नाचत होते आणि ट्रेंट बाकावर पर्सीची जुनी टोपी मांडीवर घेऊन बसला होता. अ‍ॅग्नेसने त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या नावापुढे फुली मारली. मला तेव्हा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या उन्हाळ्यात व्हँकुव्हरकडच्या एका विद्यापीठाचे कोच आमच्याकडच्या शिबिराला आले. विद्यापीठ कॅनडातलं, पण संघ खेळतो अमेरिकेच्या लीगमध्ये; निम्मे सामने सीमेपलीकडे. त्या हॉलोरन कोचनी ट्रेंटला दोन दिवस पारखलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात बसून हेरिंग माशाची अंडी खाता खाता सांगितलं, चार वर्षांची फी माफ. आई रडली. आम्ही सगळ्याच रडलो.

मग कागद तपासताना गाडी अडली. त्यांच्या लीगचा नियम असा की शाळा संपून वर्ष उलटल्यावर स्पर्धेत खेळलात, तर चारातलं एक वर्ष कापलं जातं आणि पहिला हंगाम नुसतं बसून काढावा लागतो. इंटरनेटवर विजेत्यांचा फोटो होता, त्यात ट्रेंट जाकीट घालून उभा. हॉलोरननी स्पष्टच सांगितलं, यंदा बसून राहणाऱ्याला मी जागा देऊ शकत नाही, ती दुसऱ्या मुलाला जाईल. ट्रेंट खेळलाच नव्हता असं वही लिहिणारीने आणि समोरच्या संघाच्या कोचने लिहून दिलं, तरच काम होणार होतं.

त्या अंतिम सामन्यात समोरचा संघ होता बेल हार्बर गावाचा. त्यांचा कोच अ‍ॅम्ब्रोझ रीस. अकरा वर्षांपूर्वी बेल हार्बर अंतिम सामना एका गुणाने हरलं होतं. गुणांच्या फळ्यावर बरोबरी दिसत होती, अ‍ॅग्नेसच्या वहीत आमचा एक जास्त होता, आणि निकाल वहीचा धरतात. तेव्हापासून अ‍ॅम्ब्रोझ भेटेल त्याला सांगत आला की त्या बाईने वहीत लबाडी केली.

मी अ‍ॅग्नेसला म्हटलं, "हात चुकला असं लिही. कोण विचारतंय?"

"हात चुकला नाही लॉरेन. पेन्सिलीला टोक करून मारलीय मी ती."

"अगं, मग अ‍ॅम्ब्रोझ म्हणेल, अकरा वर्षांपूर्वी पण असंच केलंस. लोकांना पटेलही."

"पटू दे. पोराचं वर्ष माझ्यामुळे जायला नको."

मला तिचा भयंकर राग आला. तिच्याकडे त्या वहीशिवाय दुसरं होतं काय?

आमच्यात चूक दुरुस्त करायची ती चारचौघांत, साक्षीदार बसवून, कागद नंतर. म्हणून ऑगस्टमध्ये बेल हार्बरला सामने होते तेव्हा आम्ही बोटीने गेलो. वही तिथेही अ‍ॅग्नेसच लिहिणार होती. हॉल भरलेला. पहिल्या सामन्याआधी अ‍ॅग्नेस उठली आणि तिने सगळं सांगितलं, कुणाच्या दुःखाची सबब न सांगता. माझं नावसुद्धा घेतलं नाही. मग मीच उठले आणि मला माहीत होतं म्हणून सांगितलं. ट्रेंटने जाकीट घडी करून टेबलावर ठेवलं. "मावशी, जाकीट घेतलं ते मीच," एवढंच अ‍ॅग्नेसला म्हणाला.

अ‍ॅम्ब्रोझ सावकाश पायऱ्या उतरून टेबलापाशी आला. अ‍ॅग्नेसने वही आणि पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली. म्हणाली, आजपासून दुसऱ्या कुणाला बसव. त्याने चष्मा लावून ते पान वाचलं.

"असं किती वेळा केलंस?" त्याने विचारलं.

"एकदा."

"सव्वीस वर्षांत?"

"सव्वीस वर्षांत एकदा. हेच."

तो तिच्याकडे बघत राहिला. ही बाई खोटं बोलत नाही हे त्याला कळलं, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट कळली. ती मला त्याच्या तोंडावर दिसली. त्याने विद्यापीठाचा कागद ओढला, सही केली, कागद ट्रेंटच्या हातात दिला. मग वही उचलून परत अ‍ॅग्नेससमोर ठेवली.

"म्हणजे आम्ही तेव्हा खरंच हरलो होतो," तो म्हणाला. "बस खाली. नावं लिहून घे."