गेनूमामांचा कान

गेनूमामा बंद पडलेला रेडिओ उघडण्याआधी त्याला कान लावून बसत. तेवढ्यात गिऱ्हाईक बोललं तर हात वर करून त्याला गप्प करत. न्हावऱ्यात एसटी थांब्याजवळ त्यांचं दुकान होतं. लग्नाला, जयंतीला लाउडस्पीकर लावायला त्यांना पार दौंडपर्यंत बोलावणं येई. मामांनी चांगलं म्हटलं की ते चांगलं, असं सगळे धरून चालत.

मी तिथल्या शाळेत नवा मास्तर. हौसेनं रेकॉर्ड प्लेअर घेतला, तेव्हा स्पीकरला जोडायची परदेशी वायर मामांनीच पुण्याहून आणून दिली. जाड, चकचकीत, आणि किंमत अशी की माझी बायको सुमन दोन दिवस धड बोलली नाही. मला मात्र आवाज एकदम मोकळा झाल्यासारखा वाटला. मामांनाही.

सुमनला ते पटेना. एका रविवारी मामा चहाला आले, तेव्हा तिनं आम्हा दोघांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि कधी ती वायर, कधी बत्तीची साधी वायर जोडत एकच गाणं दहा वेळा वाजवलं. मामा दर वेळी ठामपणे सांगत गेले. सहा वेळा चुकले. माझं तर विचारूच नका.

मी हसण्यावारी नेलं. मामांनी चहा तसाच ठेवला.

"लांब टाकायची तर जाड तांबं लागतं, ते खरं हाय," ते म्हणाले. "पर हितं चार हात वायर. मग इतके दिस मला काय ऐकू येत व्हतं, बाई?"



मांडवगण फराट्याच्या एका आप्पांनाही मामांनी तीच वायर दिली होती. पुढच्या रविवारी मामा सायकल काढून तिकडे निघाले, मीही गेलो. चूक माझी, वायर द्या, पैसे घ्या, असं त्यांनी सरळ सांगितलं. आप्पांनी मान हलवली.

"हिच्यावर गाण्यातल्या पेटीचा भाता हालल्याला कळतोय मला. मी न्हाई देत."

मामांनी वाद घातला नाही. स्पीकरसमोर मांडी घालून बसले आणि ते गाणं लावायला सांगितलं. मग आणखी तीनदा.

 परतताना मामा चढावर सायकलवरून उतरले आणि म्हणाले, "आप्पा खोटं बोलत न्हाईत, गुरुजी. मी बी न्हाई बोललो. मग खोटं बोललं कोन?"