नाई म्हणणाऱ्यांचे डबे

आधी माफी मागून घेते. मी चौथीपर्यंतच शिकले. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाचा काही भरवसा नाही. अक्षर वाकडं येतं त्याला पोळपाटही थोडा जबाबदार आहे, कारण मी त्याच्यावर कागद ठेवून लिहिते आणि तो एका पायाने डुगडुगतो. हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. तरी कोणाच्या हाती लागलंच, तर शब्द चुकला असेल तिथे आपल्या मनाने दुरुस्त करून घ्यावा. शब्द एका अक्षराने चुकला की काय होतं, तेच सांगायचं आहे.

आमचं घर वर्ध्याला लागून, सिंदी मेघेत. मी जेवणाचे डबे करते. खोल्या करून राहणारी कॉलेजची मुलं आणि नोकरीवरची माणसं ही माझी गिऱ्हाइकं. स्वयंपाक मी करते, डबे मुलीचे बाबा स्कूटीवरून पोचवतात. यात मला एकच काम जड जायचं, ते म्हणजे फोन. उद्या कोणाला डबा हवा आणि कोणाला नको, हे रोज संध्याकाळी विचारावं लागे. मला परक्या माणसाशी बोलवत नाही. चुलीपाशी उभी राहून मी "उद्या डबा पाठवू का" हे वाक्य घोकायची, नंबर लावायची, आणि एक घंटी झाली की कापून टाकायची. मग तिकडून उलटा फोन यायचा. तो मी मुलीच्या बाबांच्या हातात द्यायची. ते त्या माणसाशी कापसाच्या भावापासून क्रिकेटपर्यंत सगळं बोलायचे आणि डब्याचं विचारायचं विसरायचे.

मुलगी कॉम्प्युटरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. तिला एक प्रोजेक्ट करायचं होतं. ती म्हणाली, "आई, तुले फोनच लावा लागणार नाई असं करते मी."

तिने समजावून सांगितलं. लोकांच्या फोनवर एक पान उघडेल. त्यावर विचारलेलं असेल, उद्या डबा हवा का? लोक खाली उत्तर लिहितील, भाजी कमी तिखट वगैरे तेही लिहितील. ते उत्तर दूरच्या कुठल्या तरी कॉम्प्युटरवर जाईल. तिथे तिने लिहिलेला छोटासा प्रोग्राम ते वाचेल आणि मला नावं पाठवेल. त्या प्रोग्रामला ती एपीआय म्हणायची.

"अन् सर्वर डाऊन झालं त?" मी विचारलं. हा शब्द मला पक्का माहीत. रेशनला अंगठा लावायला गेलं की हाच शब्द ऐकून परत यायचं.

"याले सर्वरच नाई. सर्वरलेस म्हणतात याले."

"सर्वरच नाई त डाऊन काय होईन?" मला ते इतकं पटलं की ही अक्कल रेशनवाल्यांना आजवर कशी सुचली नाही, याचंच नवल वाटलं.

"म्हणजे सर्वर असते, पण आपलं नसते," मुलगी म्हणाली. "दुसऱ्याचं असते. आपला प्रोग्राम तिथं झोपून राह्यते. कोणी हाक मारली का उठते, काम करते, परत झोपते. पैसे फक्त जागं राह्यलं तेवढ्याचे."

मी खाटेकडे पाहिलं. तिथे तिचे बाबा दुपारचे आडवे झालेले. "तुह्या बाबाले पाहून बनवलं का?"

डोळे न उघडता तिकडून आवाज आला, "मले कोन पैसे देते?"

प्रोग्राम त्या दूरच्या कॉम्प्युटरवर ठेवायला डिप्लॉय म्हणतात. आमच्या घरात त्याला चढवणं म्हणू लागले. चढवायला गेलं की पडद्यावर लाल ओळी यायच्या आणि मुलगी जेवण टाकून उठायची. एका सकाळी ती जोरात ओरडली, "आई, चढलं!"

शेजारीण भिंतीवरून डोकावली. "काय चढलं वं? ताप?"

मग तपासणी. मुलीने मला समोर बसवलं आणि म्हणाली, तू गिऱ्हाईक हो. मला यंत्राशी बोलायचीही लाज वाटली. मी लिहिलं, "माफ करा, तुम्हाला वेळ आहे का." तिने ते पुसून टाकलं. पहिल्या वेळी उत्तर यायला जरा वेळ लागला. "झोपेतून उठून राह्यलं," ती म्हणाली. मग तिने टाळी वाजवली. "दोनशे आले!"

"कोनाचे?" मी पदराला हात पुसत विचारलं.

"पैसे नाईत वं, माय. दोनशे म्हणजे काम बरोबर झालं. चारशे आले म्हणजे विचारणाऱ्याची चूक. पाचशे आले म्हणजे आपली चूक."

आपली चूक सगळ्यांत महाग, हे मला बरोबर वाटलं.

तिने "हो" लिहिलं, डबा लागला. "नाही" लिहिलं, डबा बंद झाला. दोन्हींना दोनशे. मग तिने मुद्दाम "कखग" लिहिलं. लगेच चारशे, आणि खाली वाक्य आलं, तुमचे उत्तर चुकीचे आहे.

हे मला आवडलं नाही. दिवसभर राबून आलेला माणूस घाईत काही वेडंवाकडं लिहील, तर त्याला तुमची चूक म्हणायचं आणि उपाशी ठेवायचं? "नाई पोरी. समजलं नाई त डबा लावायचा."

"असं नसते करत, आई. लॉजिकमंधी बसत नाई."

"लॉजिकमंधी नसन बसत. पन डब्यात बसते न?"

ती कुरकुरली, पण तिने बदल केला. साफ "नाही" लिहिलं असेल तरच डबा बंद. बाकी काहीही लिहिलं, तर डबा सुरू. परत तपासलं. सगळ्याला दोनशे. मी समाधानाने पोळ्या लाटायला गेले.

पहिले काही दिवस फार सुखाचे गेले. फोन नाही, घोकणं नाही. सगळी नावं आपोआप यायची, मी तेवढी कणीक मळायची. मग सोमवार आला, आणि शनिवार-रविवारचे डबे भरलेले परत आले. वांग्याची भाजी जशीच्या तशी, वरून वास. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच.

"तुह्या वांग्यानं लोकं खोल्या सोडून पळून राह्यले," मुलीचे बाबा म्हणाले.

ते थट्टा करत होते, पण मला ते लागलं. मला बोलता येत नाही, पण रांधता येतं, असं मी स्वतःला सांगत आले होते. आता तेही गेलं म्हणायचं. गिऱ्हाइकं एकेक करून सुटणार, आणि घरात जो काही पैसा येतो तो या डब्यांचाच. मी तिखट कमी केलं. मग वाढवलं. मसाला बदलला. शेजारणीला वाटीभर वरण नेऊन दिलं, ती म्हणाली चांगलं आहे, पण ती फुकटचं खात होती. एखाद्या गिऱ्हाइकाला विचारलं असतं, का हो, जेवण आवडत नाही का, तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण विचारावं लागू नये म्हणूनच तर एवढं सगळं चढवलं होतं. मी विचारलं नाही.

महिना संपला. मुलीने यंत्राकडून डब्यांची बेरीज करून सगळ्यांना बिलं पाठवली. बहुतेकांनी न पाहताच फोनवरून पैसे टाकले. एक बाई मात्र थेट दारात आल्या. बँकेत कारकून होत्या, समुद्रपूरच्या, आमच्या मागच्या गल्लीत खोली करून राहायच्या. त्यांना पाहून मी स्वयंपाकघरात जायला निघाले होते.

"काकू, थांबा न. मी शनिवारी गावाले जाते. नाई म्हणलं होतं न मी? तरी बिल लागलं. अन् सोमवारी येऊन पाहते त कुलपाले डबा लटकून राह्यला."

मी मुलीच्या बाबांकडे वळले. "कुलूप होतं त डबा काऊन लटकवला?"

"मशीननं नाव देल्लं, मी लटकवला. मी कोन होतो मशीनले विचारनारा?"

बाईंनी फोन पुढे केला. मुलीने वाचलं आणि कपाळावर हात मारला. "नाई! यायनं नाई लिहिलं!"

"मंग? नाईच म्हणायचं होतं मले," बाई म्हणाल्या.

मुलीने तपासलं होतं "नाही". जन्मात तिने घरी कधी "नाही" म्हटलेलं मी ऐकलं नाही, पण समोर कॉम्प्युटर आला की ती शाळेच्या पुस्तकासारखी लिहायची. पुण्या-नाशकाकडची मुलं पुस्तकासारखं "नाही" लिहीत. त्यांचे डबे बरोबर बंद होत, पण ती बिचारी वर्षातून दोनदा घरी जाणार. हिंगणघाट-समुद्रपूरचे लोक दर शनिवारी घरी जाणारे, आणि ते लिहिणार जसं बोलतात तसं. यंत्राला "नाई" समजत नव्हतं. आणि समजलं नाही तर डबा लावायचा, हे मीच ठरवलेलं.

"मशीनले हिंदी येत असन," मुलीचे बाबा म्हणाले. "त्याले वाटलं, नाई म्हणजे न्हावी. रोज कोनी न्हावी जेवायले येऊन राह्यला."

बाई हसत हसत पायरीवर बसल्या. मी कसंबसं विचारलं, "मंग भाजी... भाजी वाईट नव्हती?"

"काकू, खाल्लीच नाई कोनी, त वाईट कशी म्हनन?"

मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना चहा विचारला. परक्या माणसाला मी आपणहून चहा विचारल्याची ती बहुधा पहिलीच वेळ.

"पन चूक कोनाची मानायची?" मुलीच्या बाबांनी विचारलं.

"पाचशे," मुलगी खाली मान घालून म्हणाली.

यंत्र मात्र महिनाभर दोनशेच म्हणत राहिलं होतं.

दुरुस्ती तिने चहा व्हायच्या आत केली. नाई, नाय, नको, सगळं टाकलं. तिच्या बाबांनी तपासायला लिहिलं, "आज जमत नाई बापा", आणि यंत्राने डबा लावला. तेव्हा तिने वैतागून लिहायची जागाच काढली आणि दोन बटणं ठेवली.

राहिले पैसे. न खाल्लेल्या डब्यांचे घेतलेले पैसे परत करायचे होते. मुलीने फोनवरून सगळ्यांना पाठवले. संध्याकाळपर्यंत अर्धे परत आले, सोबत जोडलेल्या हातांची चित्रं. राहू द्या काकू. तिने पुन्हा पाठवले, ते पुन्हा परत आले.

"आता तुलेच जा लागते," ती म्हणाली. "हातात देल्ले का घेतात."

पहिल्या दारात मी इतकी हळू बोलले की त्या मुलाला वाटलं मी वर्गणी मागायला आले आहे. त्याने आतून पन्नासची नोट आणून माझ्या हातात ठेवली आणि दार लावून घेतलं. देणं कमी व्हायचं ते वाढलं. मला पुन्हा कडी वाजवावी लागली. दुसऱ्या दारी मी जरा मोठ्याने बोलले. तिसऱ्या दारी घरमालकीण आजीने आतून "काऊन ओरडून राह्यली" म्हणून विचारलं. पण तिच्या भाडेकरूने पैसे घेतले.

शेवटी एक गुरुजी उरले. हिंगणघाटचे. खोलीवर कधी सापडेनात. म्हणून शनिवारी मी बस स्टँडवर गेले. हिंगणघाटच्या गाडीत ते खिडकीशी बसलेले दिसले.

"काकू! कुठं निघाल्या?"

"तुमच्याकडंच," मी म्हणाले, आणि भरल्या गाडीसमोर पूर्ण सांगितलं. तुम्ही नाई म्हणाले, आम्ही डबे लावले, पैसे घेतले, ते हे.

"असू द्या न, काकू. एखाद्या दिवशी जेवू घालजा."

"जेवू बी घालीन. हे आधी घ्या."

"घ्या न गुरुजी," मागून कंडक्टर म्हणाला. "बाई घरून पैसे द्यायले आल्या, असं मह्या नोकरीत पाह्यलं नाई. अन् मले गाडी सोडायची हाय."

मी नोटांची घडी खिडकीतून आत सारली. गुरुजींनी ती सगळ्यांसमोर मोजली. दहाची एक नोट जास्त निघाली, ती त्यांनी परत दिली. बाकीचे खिशात घातले आणि म्हणाले, "झाले पुरे." कंडक्टरने घंटी मारली.