दाऊदभाईंचा डावा डोळा

दाऊदभाई तेलाच्या टाकीच्या शिडीवरून पडून गेल्याचा फोन आमच्या ड्रॉइंग ऑफिसात आला, त्याला आता अडीच महिने झाले. एव्हाना रडू यायला हवं. मला मात्र नुसता संताप येतो.

ते रत्नागिरीकडचे, साइनबोर्ड पेंटर. कुवेतमध्ये आपला रुपया चालायचा त्या काळात आले आणि टाक्यांवर माणसाएवढाले आकडे रंगवत राहिले. मायदेशी परतणाऱ्या एका डच इंजिनिअरने त्यांना जुनं कॅलेंडर दिलं होतं. त्यावर तीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा डच चित्रकाराने म्हातारपणी काढलेलं स्वतःचंच चित्र होतं. सुजलेलं नाक, लोंबलेले गाल, डोक्याला कसलंसं फडकं. मी म्हटलं, याला स्वतःला जरा बरं काढता आलं नाही? दाऊदभाई उखडलेच. "जन्मभर दुसऱ्यांना देखणं केलं असेल त्यानं. एकदा तरी खरं बोलू दे की त्याला..."

मग पॅकिंगच्या पेटीची फळी घेऊन त्यांनी स्वतःला रंगवायला घेतलं. दोन हिवाळे, दर शुक्रवारी, आरशासमोर. अर्धा तुटलेला दात, पांढरी खुंटं आणि डावा डोळा. त्या डोळ्यात मोतीबिंदू पुरता उतरला होता. कंपनीला कळलं तर घरी पाठवतील, म्हणून ते कुणाला पत्ता लागू देत नव्हते. ठाऊक होतं फक्त मला. फळीवर मात्र त्यांनी तो होता तसाच काढला, दुधाळ, विझलेला. त्यांच्या हातून झालेलं सगळ्यात खरं काम ते.

ते गेल्यावर, गावी पाठव म्हणून, चित्र मीच त्यांच्या भाच्याच्या, इक्बालच्या, हवाली केलं. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला त्याने ते मोठ्या हौसेने पुढ्यात धरलं. बाजारातल्या फोटोवाल्याकडून 'नीट' करून आणलं होतं. जाड रंग खरवडून गाल गुळगुळीत, केस काळेभोर, दात पुरा. डावा डोळा उजव्यासारखा लख्ख.

"हे काय केलंस?"

"मामू आंधळे दिसत होते, काका. मामीला तसे कसे दाखवू?"

मी त्याला नाही नाही ते बोललो आणि जेवणावरून उठून आलो. ज्या डोळ्याने माणूस मारला, तोच या पठ्ठ्याने पुसून टाकला होता! चित्र बोटीने गेलंसुद्धा. मी दाऊदभाईंच्या बायकोला, फातिमाभाभींना, चार पानी पत्र लिहिलं... हा चेहरा खोटा आहे, त्यांचा डावा डोळा गेला होता, शिडीवर पाय चुकला तो त्यामुळेच, आणि इक्बालने ते तुमच्यापासून लपवलं.

गेल्या आठवड्यात उत्तर आलं. भाभींनी सांगितलेलं, गावच्या मास्तरांनी लिहिलेलं. "डोळ्याचं तुमच्या या पत्रातून पहिल्यांदा कळलं. आधी कळतं तर मिळेल त्या बोटीने त्यांना परत बोलावलं असतं. गेली दोन वर्षं त्यांची पत्रं तुमच्या अक्षरात येत होती. बारीक अक्षर दिसत नव्हतं म्हणूनच ना? त्या प्रत्येक पत्रात प्रकृती ठणठणीत होती. इक्बालने तो डोळा आता रंगवला, भाऊ. तुम्ही दोन वर्षं तेच लिहीत होतात."

मी अजून उत्तर दिलेलं नाही. संताप आहे तसाच आहे, फक्त आता तो इक्बालवर काढता येत नाही.