चिंधी बांधलेली बोर

नवा जिल्हा झाला, लातूरला कलेक्टर आला. पाऊस तेवढा यायचा राहिला. त्या दुष्काळात शिरूर अनंतपाळची शरणम्मा रानबोरीच्या मागं लागली होती. लातूरच्या कॉलेजात ती वनस्पतीशास्त्र शिकवायची. बांधावरच्या एकसारख्या काटेरी बोरी दोन जातींच्या आहेत, असं तिचं म्हणणं. पानांचे पातळ काप तिनं प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले.

सर म्हणाले, "बाई, पानं दुष्काळानंही बदलतात. त्यांच्या जोडीनं खोडातही फरक दाखवा, नाहीतर प्रबंध विसरा."

झालं! ऐन उमेदीची वर्षं तिनं ह्यात घातलेली. एका जातीला तांबडी, दुसरीला पांढरी चिंधी बांधून ठेवली होती. फांद्या आणायला ती गावी गेली, तर बांध मोकळा!

गुंडप्पाकाका हसतच आले. "चिंध्या बघितल्या अन् वळखलं. कडब्याच्या गंजीच्या कुंपणाला बोरी राखल्यास न्हवं? समद्या तोडून लावल्या बघ!"

गावाची रीतच ती. कुंपणासाठी बोर हेरली की चिंधी बांधायची, मग दुसरा कुणी हात लावत नाही. हे शरणम्माला लहानपणापासून ठाऊक. पण शिकली अन् विसरली.

"आणि चिंध्या?"

"चुलीत घातल्या की."

ती मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिनं कुंपण उचकटलं. ज्यांच्या टोकाला जात ओळखण्यापुरतं एखादं वाळकं पान चिकटून होतं, तेवढ्याच फांद्या हात रक्ताळून काढल्या.

सरांनी पानं तोडली, प्रत्येक पानाला आणि त्याच्या काडीला एकच आकडा घातला अन् पानं स्वतःकडं ठेवली. "तुम्ही फक्त काड्या बघा."

तिनं काड्या उकळून मऊ केल्या, ब्लेडनं काप काढले, रंग चढवला. काहींत गाभ्याभोवती टणक पेशींचं कडं अखंड होतं, काहींत तुटक. त्यावरून तिनं दोन वाटण्या केल्या. सर एकेक पान सूक्ष्मदर्शकाखाली बघून तिच्या वाटण्यांशी जुळवू लागले. शेवटचं पानसुद्धा बरोबर जागी बसलं.

सरांनी चष्मा काढला. "काकांनी खुणा मोडल्या तेच बरं केलं. चिंध्या असत्या, तर चिंधी बघून वाटण्या केल्या, असं म्हणालो असतो. लिहा आता प्रबंध."

हुश्श! डोक्यावरचं पोतं उतरल्यागत झालं तिला. दुसऱ्या दिवशी ती पेढे घेऊन गावी आली. काका मान खाली घालून बसलेले.

"पोरी, तुझं वाटोळं केलं का गं म्या?"

"न्हाई काका, लई चांगलं केलंत! पण बोरी गेल्या की हो."

"बोर तोडल्यानं मरती व्हय? बुडखं जित्ती हायत. फुटल्यावर बांध परत चिंध्या," काकांनी पेढा तोंडात टाकला, "पर ह्या बारीला मला सांगून बांध."