आत्याचा पुदिना

पुदिना कसा लावायचा हे विचारायला अख्खी गल्ली आमच्या आत्याकडे यायची आणि ती सगळ्यांना एकच उत्तर द्यायची. "लावायला अक्कल लागत नाही. आवरायला लागते."

तिची रीत अशी होती. बूड गळून गेलेली एक जुनी लोखंडी बादली तिने मागच्या दाराशी, नळाजवळ, जमिनीत पुरली होती. काठ मुद्दाम चार बोटं वर ठेवलेला, कारण तो मातीच्या सपाटीला आला की पुदिन्याचे फुटवे आरामात बाहेर उतरतात आणि टेकतील तिथे मूळ धरतात. दर रविवारी काठावरून लोंबणारं सगळं ती कात्रीने कापायची. तुरे दिसले की खुडायची. दोन वर्षांनी एकदा गड्डा उपसून निम्माच परत लावायची. कुणी फावडं घेऊन मदतीला आलं तर मात्र भडकायची. "तुकडे करू नका, एकाचे दहा होतात." त्या बादलीभर पाल्यावर तिने डोळ्यांत तेल घालून पहारा केला आणि सव्वीस वर्षांत एक काडी काठाबाहेर रुजू दिली नाही.

सव्वीस वर्षं, पण आली होती ती दोन महिन्यांसाठी. नवऱ्याशी फाटलं होतं. का, ते आमच्या घरात कुणी तोंडाबाहेर काढलं नाही. मग ती गणवेश शिवण्याच्या कारखान्यात काजं करायला लागली आणि दोन महिन्यांचा विषय मागे पडला. सामानाची खोली तिला मिळाली. तिथे खाट आणि शिलाई मशीन ठेवल्यावर दार अर्धंच उघडायचं. दोरीवर तिचे कपडे कायम टोकाला. पहाटे पाचला आंघोळ उरकून बाहेर; आम्ही उठेपर्यंत न्हाणीची फरशीसुद्धा वाळलेली असायची. आई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, "आमच्या वन्संचा काडीचा त्रास नाही हो. घरात आहेत हे कळतसुद्धा नाही." आत्या हसायची. मला वाटायचं, खूश होऊन हसते. मी मूर्ख होते, आणि नंतरही काही फार शहाणी झाले नाही.

घर पाडून नवं बांधायचं ठरलं तेव्हा आत्या अठ्ठावन्न वर्षांची होती. दोन वर्षांनी कारखाना सुटणार होता आणि मग दिवसभर बसायचं कुठे, हा तिच्यापुढचा प्रश्न. एकदा कामावरून परतताना तिने मला कोपऱ्यावर गाठलं.

"एक खिडकी असलेली खोली मिळाली तर बरं होईल," ती म्हणाली. "लहान चालेल. दादाला मी सांगू का तू सांगतेस?"

"यात सांगायचं काय? बाबांच्या लक्षात असणारच."

"असेल ना?" ती म्हणाली.

नकाशा तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर पडून होता. मी माझ्या खिडक्या ठरवल्या, कपाटावरून भावाशी तंटे केले. आत्या सगळ्यांच्या आधी जेवायची. नकाशाची गुंडाळी ती उचलून बाजूला ठेवायची आणि जेवून झालं की परत जागेवर. दुसऱ्याचे कागद उघडून बघणं तिला जमणारं नव्हतं.

मग एका रविवारी आर्किटेक्ट आला आणि त्याने सगळ्यांना बोलावलं. आत्या कात्री हातात घेऊनच आत आली. तो एकेका चौकोनावर पेन ठेवून सांगत गेला. ही साहेबांची, ही मुलाची, ही मुलीची, ही पाहुण्यांची. शेवटी मागच्या दाराशी एक हिरवं वर्तुळ होतं.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"पुदिना. मॅडमनी बजावून सांगितलंय, त्याची जागा हलवायची नाही."

आईचा चेहरा फुलला. "वन्सं, तुमच्यासाठी हो. मी म्हटलं, बाकी काही विसरा, पण यांचा पुदिना विसरू नका."

आत्या वाकली. तिचं बोट प्रत्येक चौकोनावरून फिरलं आणि वर्तुळावर येऊन थांबलं. "तुम्ही दोन फूट धरलंय. दीड पुरे. जास्त दिलं की पसरतो." मग तशाच आवाजात, "आणि मी कुठे?"

कुणाच्या मनात वाईट नव्हतं हो. असतं तर भांडता तरी आलं असतं. आम्ही तिला चक्क विसरलो होतो. बाबांनी जीभ चावली. "अगं, तुझं... राहूनच गेलं." आईने सारवासारव सुरू केली. पाहुण्यांची खोली आहेच की, पाहुणे काय रोज येतात, आले तर वन्सं चार दिवस हॉलमध्ये झोपतील. आर्किटेक्ट म्हणाला, जिन्याखाली बघता येईल. माझ्या खोलीला दोन खिडक्या होत्या. कोपऱ्यावरचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवत होतं, आणि मी मूग गिळून बसले. त्याची आजही शरम वाटते.

"राहू दे," आत्या म्हणाली. "आता खाडाखोड करू नका."

जुनं घर रिकामं करताना आम्ही भाड्याच्या घरात गेलो आणि ती कारखान्यामागच्या एका खोलीत. बांधून झालं की ये, असं बाबा म्हणाले. बघू, असं ती म्हणाली. घर बांधून दीड वर्ष झालं, ती आली नाही.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले. रिकाम्या हाताने जायची लाज वाटली, म्हणून तिच्याच पुदिन्याची कुंडी करून नेली. ती विरघळेल असा माझा हिशेब होता. तिने कुंडी घेतली, दाराबाहेर ठेवली आणि चहा टाकला.

"जाताना आठवणीने घेऊन जा," ती म्हणाली. "मला त्याचा वास कधीच आवडला नाही."

"अगं, मग इतकी वर्षं?"

"तुझ्या आईला चहात लागायचा. त्या घरात माझं दुसरं काही कुणाला लागत नव्हतं."