बाबांची वीज वाचवायची आयडिया

आता सांगतो, पण हसायचं नाही हां! एवढा मोठा पोपट माझा आजवर झाला नव्हता.

माझे बाबा तेव्हा अंधेरीला कंपनीत. जहाजांचे पंप बनवतात तिथे. पंप जहाजावर चढवायच्या आधी तासन् तास चालवून बघायचा, हे बाबांचं टेस्टिंगचं काम. नुसता कान लावून सांगतात, "हा आजारी आहे." डॉक्टरच!

एकदा बाबा एक फॉर्म घेऊन आले. कंपनीला पर्यावरणाचं वेड लागलेलं. प्रत्येक कामगाराने वीज वाचवायची एक आयडिया द्यायची, आणि ती पण उद्याच.

"अरे, लिही ना काहीतरी. तुझं अक्षर बरं आहे."

मी दहावीत दोनदा उडालेला. माझ्याकडे कसली आयडिया? पण अंगात मस्ती! लिहिलं, 'सगळ्यात जास्त वीज आमचं टेस्टिंग खातं. ते इथून उचला आणि गुजरातच्या प्लांटला न्या, तिकडे सोलर आहे.' सोलरचं बाबांनीच कधीतरी सांगितलेलं. म्हटलं, साहेब वाचतील, बाबांवर भडकतील, घरी फुल धमाल!

बाबांनी न वाचताच सही ठोकली. पोरावर विश्वास ना!

पंधरा दिवसांनी बाबा नाचतच घरी. "पहिला नंबर! स्टेजवर बोलावलंय, तुम्ही पण चला!"

आईने ठेवणीतली साडी काढली. मी चपला शोधायला मुद्दाम वेळ लावला.

स्टेजवर मोठ्या साहेबांनी बाबांना शाल घातली, हातात रोप दिलं आणि आयडिया माइकवर वाचली. "आपण ही लगेच करतोय. पुढच्या महिन्यापासून अंधेरीचं टेस्टिंग बंद!"

काय टाळ्या! बाबांच्या खात्यातली माणसं तेवढी हात खिशात घालून बसलेली. बाबा रोप धरून तसेच उभे. फोटोत हसतायत, पण ते फोटोवाल्याने सांगितलं म्हणून.

आई माझ्या कानात, "मेल्या, काय लिवलंस तू?"

"मस्करी केली गं..."

"मगे सांग जा तेंका, सायबांका!"

कुठलं सांगतोय? फाटलेली माझी. घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "बरोबर लिहिलंस रे. वीज खातंच ते." एक कानाखाली वाजवली असती तर झकास वाटलं असतं, यार!

आता बाबा गुजरातला. महिन्यातून एकदा येतात. परवा फोन आला, "इथे सगळ्यांना सांगितलं मी, आयडिया माझ्या पोराची. साहेब विचारतायत, अजून काही आहे का त्याच्या डोक्यात?"

दिवसभर बडबडणारा मी! म्हटलं, "बाबा, आवाज येत नाहीये," आणि फोन ठेवला.

रेंज फुल होती.