दार लावून नाचणाऱ्या मुलीसाठी क्लास

पोरीसाठी डान्स क्लास शोधायला निघा. क्लास मिळेल की नाही सांगता येत नाही, किस्से मात्र घरपोच मिळतात! आमच्या बिल्डिंगखाली मी एक सांगायला घेतला की दुसरा मध्येच घुसतो. म्हणून आज ओळीने सांगते, कोणी मध्ये बोलायचं नाही.

आधी भानगड काय ते ऐका. आमची इरा आठ वर्षांची. शाळेच्या गॅदरिंगला सगळ्या मुली डावीकडे वळल्या आणि ही उजवीकडे. बस, तेवढंच! पण माझ्या नणंदेने व्हिडिओतला नेमका तेवढाच तुकडा फॅमिली ग्रुपवर टाकला आणि अख्खं खानदान हसून लोळायला लागलं. माझा नवरा नितीन, तोसुद्धा. इराने ते सगळं वाचलं. तेव्हापासून पोरगी कुणासमोर नाचेना. बेडरूमची कडी लावून एकटीच नाचायची. खालच्या काकू इंटरकॉमवर विचारायच्या, "अगं, मसाला कुटताय का?"

मला आतून फार लागायचं ते. इतकी नाचरी पोर आणि नाचते कुणासमोर, तर कपाटासमोर! मग एक दिवस तीच म्हणाली, "आई, मला डान्स क्लास लाव. पण कोणी बघायचं नाही हां."

आता बोला! असा क्लास आणायचा कुठून?

* * *

पहिला ठाण्यातला. एकदम हायफाय. रिसेप्शनला एसी, कॉफी मशीन आणि डान्स फ्लोअरला चारी बाजूंनी काच. काउंटरवरची मुलगी अभिमानाने म्हणाली, "मॅम, आतमध्ये कॅमेरे पण आहेत. तुम्ही ऑफिसमध्ये बसून, मामा गावाला बसून, सगळे लाइव्ह बघू शकता!"

इरा माझ्या ओढणीमागे गेली ती लिफ्टपर्यंत बाहेर आली नाही.

मी वैतागून नितीनला म्हटलं, "काय वाटलं तुला?"

"पार्किंग मस्त आहे," तो म्हणाला.

* * *

कल्याणला कथकच्या बाईंकडे गेलो तेव्हा अण्णा सोबत आले. अण्णा म्हणजे माझे सासरे. मुख्याध्यापक होते. आजही घरात कुणी उशिरा उठलं की कारण विचारतात. मुलगी बघायला गेल्यासारखे ते ताठ बसले आणि बाईंची उलटतपासणी सुरू केली. आपण कुणाकडे शिकलात? आपल्या विद्यार्थिनी पुढे काय करतात? बाई बिचाऱ्या मान खाली घालून उत्तरं देत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं.

शेवटी अण्णांनी हुकमी प्रश्न काढला. "आणि आपली स्वतःची कन्या? तीही कथकच शिकत असेल?"

बाई हळूच म्हणाल्या, "नाही हो. ती कराटेला जाते."

* * *

टिटवाळ्याचं थोडक्यात सांगते. बोर्डावर लिहिलेलं, डान्स, ड्रॉइंग, अबॅकस, हस्ताक्षर सुधार. आम्ही विचारलं, डान्सचे सर कुठे आहेत? बाहेर बसलेल्या बाई म्हणाल्या, "आज मंगळवार ना? आज ते अबॅकसचे सर आहेत."

अण्णांना हा माणूस फार आवडला. इराला नाही.

* * *

कळव्याचा हिपहॉपवाला सर मात्र गोड पोरगा होता. निळे केस, कानात बाळी. म्हणाला, "दीदी, आपल्याकडे ट्रायलला पेरेंट्सनी पण नाचायचं. रूल आहे!"

मी लगेच पाय मुरगळल्याचं सांगितलं. नितीन सापडला. आता नितीनला आयुष्यात एकच डान्स येतो, गणपती विसर्जनाचा. हात वर, डोळे बंद, खांदे सुटलेले! तो त्याने हिपहॉपवर जीव तोडून केला. सर ओरडला, "एक नंबर, अंकल! एकदम रॉ!" आणि संध्याकाळी त्याचं रील टाकून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी नितीन ऑफिसमधून आला तो तोंड पाडूनच. तिथे लंच टेबलवर सगळ्यांनी त्याचे खांदे करून दाखवलेले. सोफ्यावर बसला, इराला जवळ घेतलं आणि म्हणाला, "सॉरी गं पिल्लू. मी पण हसलेलो ना तेव्हा."

इराने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "जाऊ दे बाबा. तुला पाहिजे तर बेडरूम वापर."

मी किचनमध्ये जाऊन डोळे पुसले. हसून की रडून, ते विचारू नका.

* * *

एवढं फिरून क्लास मिळाला तो घरामागेच, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर! रोहिणी तिथल्या कोळीवाड्यातली पोरगी. घराच्या वरच्या मजल्यावर शिकवते. नव्या मुलांच्या बॅचला ती आरशांवर चक्क चादरी टाकते.

अण्णांनी विचारलंच, "आरसे झाकायचेच होते तर बसवले कशाला?"

"मोठ्यांच्या बॅचसाठी, आजोबा. नवीन पोरं आरसा दिसला की नाचत नाहीत, स्वतःच्या चुका बघत बसतात. आणि हां, घरी गेल्यावर 'काय शिकलीस, दाखव' म्हणायचं नाही. तिला वाटेल तेव्हा ती दाखवेल."

पालकांनी खालीच थांबायचं. खाली रोहिणीची आई कोळंबी सोलत बसलेली. वरून पायांचे आवाज यायला लागले आणि अण्णा जिन्याकडे सरकले. ती माऊली मान वर न करता म्हणाली, "बसा ना वो गुरुजी. पोरगी काय पलून जात नाय."

मुख्याध्यापक गपकन खाली बसले. इरा घामाघूम होऊन उतरली आणि म्हणाली, "उद्या पण आहे ना?"

तेव्हापासून घरात कुणी 'दाखव' म्हटलं नाही. अण्णांच्या तर ओठांवर यायचं, मग ते उगाच पाणी प्यायला उठायचे. इरा क्लासला उड्या मारत जायची, पण घरी अजून बेडरूमची कडी लागायचीच. ती आमच्यासमोर कधी नाचेल का, हा प्रश्न मी रोज गिळायचे.

* * *

आणि गेल्या रविवारी, जेवणं झाल्यावर, बाईसाहेब हॉलमध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"मी नाचणार आहे. तिघं सोफ्यावर बसा."

आम्ही टुणकन बसलो.

"आता डोळे मिटा. गाणं संपेपर्यंत उघडायचे नाहीत. प्रॉमिस?"

"प्रॉमिस!"

गाणं लागलं. मधोमध अण्णा, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला नितीन. तिघंही डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून. समोर धपधप पावलं, फ्रॉकचा वारा, मध्येच तिचं स्वतःशी "पाच, सहा, सात, आठ". गाणं संपलं. आम्ही सावकाश डोळे उघडले. इरा धापा टाकत उभी.

"कसं झालं?"

"उत्कृष्ट!" अण्णा म्हणाले. "आणि ती शेवटची गिरकी! हात काय सुरेख नेलास गं वर!"

नितीनने कपाळाला हात लावला. संपलं, आता पोरगी पुन्हा कडी लावणार!

इराने कमरेवर हात ठेवले. "अण्णा, तू बघत होतास?"

अण्णा जमिनीकडे बघायला लागले.

"अजून कोणी कोणी बघितलं? खरं सांगा. हात वर करा."

नितीनचा हात वर गेला. मग माझा. शेवटी अण्णांचाही.

तिने तिघांकडे एकेक करून बघितलं.

"मग मघाशी टाळ्या का नाही वाजवल्या?"